भय कोणाच्या मालकीचे?

आमचे एक समीक्षकमित्र गेली काही वर्षे, ज्या व्यासपीठावर संधी मिळेल त्या व्यासपीठावरून, असा सिद्धान्त मोठ्या हिरिरीने मांडीत आले आहेत की इंटरनेटवर जन्मास येणारी भयकथा, जिला तिचे भक्त ‘क्रीपीपास्टा’ म्हणतात, ती व्हिडिओ गेमचे रूप घेते तेव्हाच पूर्णत्वास जाते. वाचणारा हा भयाचा निव्वळ साक्षीदार, खेळणारा मात्र त्याचा धनी. आणि म्हणून आम्हां जुन्या वाचकांनी आता आपापली दप्तरे गुंडाळावीत. यंदा त्यांनी या सिद्धान्तास रसशास्त्राचेही पाठबळ जोडले, आणि भयानक रसाची परमावधी म्हणजे स्वतःला प्रत्यक्ष वाटलेली भीती, अशी व्याख्या करून टाकली. पहिल्या भागाकडे दुर्लक्ष करता आले असते. दुसऱ्या भागाकडे करवत नाही.

वादाची वस्तू आधी पाहू. जून 2009 मध्ये एरिक नूडसन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने, खोटी अलौकिक छायाचित्रे बनविण्याची गंमत चालली असता, मुलांच्या घोळक्यामागे उभा असलेला, काळ्या सुटातला, बिनचेहऱ्याचा, अवाजवी उंचीचा एक इसम दोन जुनाट छायाचित्रांत घुसडला व खाली चार ओळींचा त्रोटक मजकूर जोडला. ही स्लेंडर मॅनची जन्मकथा. तिला कथा म्हणणेही धाडसाचे होईल. कोणा अपुऱ्या चौकशीच्या दप्तरातून निसटलेला कागद, एवढेच तिचे स्वरूप होते, आणि तेच तिचे सामर्थ्य होते. कारण कथेला कर्ता असतो आणि कर्त्यावर अविश्वास दाखविता येतो. बेवारशी दस्तऐवजास जाब कोण विचारणार? पुढे जून 2012 मध्ये मार्क हॅडली यांनी ‘स्लेंडर: द एट पेजेस’ हा खेळ केला. रात्रीचे जंगल, हाती एक बॅटरी, हत्यार कोणतेही नाही, आणि इतस्ततः विखुरलेले आठ कागद गोळा करावयाचे. जसजसे कागद जमतील तसतसा तो इसम अधिक चिकाटीने मागे लागतो. त्याच्याकडे नजर गेली की पडद्यावर खरखर माजते आणि नजर खिळून राहिली की खेळ आटोपतो. आठही कागद मिळविले तरी सुटका नाहीच. शेवटी तो गाठतोच. मित्रमहाशय म्हणतात, पाहा, येथे मागे वळून पाहण्याची भीती कोणा पात्राची नाही, ती तुमची आहे.

नेमके येथेच मला एक हरिण आठवते. काश्मीरात सुमारे हजार वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या अभिनवगुप्ताने भरताच्या रससूत्रावर भाष्य करताना भयानकाच्या अनुभवाचे उदाहरण म्हणून भूत घेतले नाही, राक्षस घेतला नाही, स्मशान घेतले नाही. त्याने घेतले ते शाकुंतलाच्या पहिल्या अंकातले, दुष्यंताच्या रथापुढे धावणारे आणि धावता धावता मान वळवून मागे पाहणारे हरिण. आणि तो काय म्हणतो? म्हणतो की सहृदयाच्या चित्तात जे भय उमटते ते या विशिष्ट हरणाचे नसते, या विशिष्ट स्थळकाळाचे नसते, आणि भिवविणाराही तेथे खराखुरा उरत नाही. ‘मी भ्यालो’, ‘हा भ्याला’, ‘हा माझा शत्रू’, ‘हा माझा मित्र’ या प्रकारच्या लौकिक प्रतीतींमागोमाग सुखदुःखाचे, घेण्याटाकण्याचे जे बखेडे येतात त्यांपासून मुक्त झालेले ते केवळ भय असते, आणि असे मुक्त झाल्यामुळेच ते आस्वाद्य होते. पूर्वाचार्य भट्टनायकाने ज्यास साधारणीकरण म्हटले त्याचा अभिनवगुप्ताने केलेला हा विस्तार आहे. एवढ्यावरच तो थांबत नाही. रसाच्या आड येणारी सात विघ्ने तो मोजून देतो, आणि त्यांत ‘हे माझे आहे’ किंवा ‘हे दुसऱ्याचे आहे’ अशा मालकीच्या भावनेत अडकून पडणे हे एक स्वतंत्र विघ्न म्हणून नोंदवितो. म्हणजे आमच्या मित्रांनी भयानकाची परमावधी म्हणून जी गोष्ट मिरविली, ती या आचार्याच्या जाबत्यात अडथळ्यांच्या सदरात आधीच दाखल आहे! रसशास्त्राचे वकीलपत्र घेणाऱ्याने निदान अशिलाची जबानी वाचून यावयास हवे होते.

यावर मित्र म्हणतील, आणि म्हणालेही, की जंगलात आपणांस खरोखर कोणी मारीत नाही हे खेळणाऱ्यास ठाऊक असते. मग त्याचे भय लौकिक कसे? आक्षेप दिसतो त्याहून भारी आहे. खेळणाऱ्याला प्राणाची भीती नसतेच. त्याला भीती असते ती जमविलेले सहा कागद बुडण्याची, केलेले श्रम पुन्हा करावे लागण्याची. पहिल्या फेरीत त्याचे काळीज धडधडते हे मान्य. पण दहाव्या फेरीत तो जंगलातल्या दहा खुणेच्या जागांपैकी कोणत्या आठांवर कागद असतील याचा अदमास बांधणारा हिशेबनीस झालेला असतो. बिनचेहऱ्याचा इसम आता त्याला वसुलीच्या कामातली एक अडचण वाटतो. हे लौकिक भय नव्हे हे खरे. ते लौकिक व्यवहार आहे, आणि व्यवहार रसापासून भयाहूनही दूर आहे.

येथे लेख संपविता आला असता, आणि मित्रांवर मात केल्याचे माफक समाधानही पदरी पडले असते. परंतु दुसरे एक उदाहरण इतक्या सरळ हाती लागत नाही.

2007 साली एका निनावी लेखणीतून उतरलेल्या ‘एससीपी-173’ या नोंदीत एक पुतळा आहे. त्याच्याकडे कोणी पाहत असेतो तो निश्चल. नजर हटली, पापणी लवली, की तो माणसाची मान मोडतो. नोंदीची भाषा सरकारी अंमलदाराची आहे. किमान तीन इसमांनी मिळून खोलीत शिरावे, आणि पापणी मिटण्यापूर्वी एकमेकांस इशारा द्यावा, असा तीत हुकूम आहे. या एका नोंदीपासून पुढे हजारो नोंदींचा एक अवाढव्य दप्तरखाना उभा राहिला, आणि कोणालाही त्यातला मजकूर वापरू देणारा परवाना त्याला असल्यामुळे योनास रिक्कोनेन या फिनलंडच्या तरुणाला 2012 मध्ये ‘एससीपी: कंटेनमेंट ब्रीच’ हा खेळ बनविण्यास कोणाची मंजुरी मागावी लागली नाही. आता त्याने केले काय ते पाहा. पडद्याच्या तळाशी पापणीची एक पट्टी ठेवली. ती आटत जाते आणि आटली की तुमचे डोळे आपोआप मिटतात. खेळाच्या आरंभी तुम्ही दोन सोबत्यांसह, म्हणजे हुकुमाबरहुकूम तिघे, त्या पुतळ्याच्या खोलीत शिरता. दिवे जातात, आणि सर्वप्रथम ते दोन सोबती मरतात. मूळ मजकुरातल्या नियमाला त्याने हात लावला नाही. फक्त तो नियम पाळण्यास लागणारी माणसे काढून घेतली. माझ्या मते रूपांतराच्या कलेत याहून नेमके काम क्वचितच कोणी केले असेल, आणि ते करणारा कोणी मान्यताप्राप्त साहित्यिक नव्हता, ही गोष्ट आमच्या साहित्यसंस्थांनी मनावर घेण्याजोगी आहे. (घेणार नाहीत.)

तेव्हा प्रश्नाची मांडणी बदलावी लागते. कादंबरीचे नाटक होते तसे या कथांचे खेळात रूपांतर होते, असे आम्ही दोघेही गृहीत धरून भांडत होतो. पण या नोंदीत कथा अशी होतीच कोठे? पात्रे नाहीत, संविधानक नाही. आहे तो जाबता. काय करावे, काय करू नये, केल्यास काय होईल. खेळाने कथेचे रूपांतर केले नाही, त्याने हुकुमाची अंमलबजावणी केली. उलट ज्या खेळांनी या सामग्रीला कथा पुरविण्याचा उद्योग केला, बिनचेहऱ्याच्या इसमास पूर्वेतिहास दिला, बळींना कुटुंबे दिली, त्यांत भय पातळ झाले. 2013 चा ‘स्लेंडर: दि अरायव्हल’ देखणा असूनही आधीच्या ओबडधोबड जंगलापुढे मला फिका वाटतो तो याचमुळे.

आणि मग अभिनवगुप्ताचे काय? मी त्यास सोडावयास तयार नाही; माझा प्रेक्षक मात्र चुकीच्या खुर्चीवर शोधला जात होता. 2012 च्या सुमारास ‘स्लेंडर’ जो पसरला तो बव्हंशी खेळणाऱ्यांनी नव्हे, खेळणाऱ्यांना पाहणाऱ्यांनी पसरविला. यूट्यूबवर कोणी एक इसम अंधारात बसून खेळतो, कोपऱ्यातल्या लहान चौकटीत त्याचा चेहरा दिसतो, तो दचकतो, किंचाळतो, आणि लाखो लोक त्याच्याकडे पाहतात. भय त्याचे नाही, कारण तो हिशेबात गुंतलेला आहे; भय पाहणाऱ्याचेही नाही, कारण त्याचे काहीच बुडत नाही. मधल्या जागेत, कोणाच्याही मालकीचे नसलेले ते भय लाखो घरांत एकसारखे चाखले जाते. हे जर साधारणीकरण नव्हे तर मग साधारणीकरण कशास म्हणावे? नट हा आस्वादाचे केवळ साधन आहे, मद्याची चव पेल्याला कळत नाही, असे अभिनवगुप्तानेच म्हटले आहे. खेळणारा हा पेला आहे. मान वळवणारे हरिण तोच. आमच्या मित्रांस मी मुद्दाम विचारले की यांपैकी कोणता खेळ आपण स्वतः खेळला आहात. उत्तर मिळाले की खेळण्यास सवड कोठली, पण पाहिले पुष्कळ आहेत. ज्या अनुभवाच्या बळावर त्यांनी प्रेक्षकाचे राज्य खालसा केले, तो अनुभव त्यांना प्रेक्षक म्हणूनच आला होता.

राहता राहिल्या त्या ‘बॅकरूम्स’, मे 2019 मध्ये एका निनावी मजकुरातून आलेल्या. पिवळ्या भिंती, ओलसर गालिचा, नळीदिव्यांची गुणगुण, आणि सुमारे साठ कोटी चौरस मैल रिकाम्या खोल्या. तेथे माणूस पोचतो कसा? वास्तवातून ‘नोक्लिप’ होऊन, म्हणजे क्वेकसारख्या खेळात ती आज्ञा दिली असता भिंती जशा आडव्या येत नाहीत तसा. कथा खेळाच्या भाषेत जन्मली आणि मग तिचे खेळ झाले. मूळ कोणते आणि रूपांतर कोणते याचा निवाडा येथे कोणत्याही कचेरीत व्हावयाचा नाही. ज्या छायाचित्राखाली तो निनावी मजकूर उतरला होता, त्याचा 2024 मध्ये पत्ताही लागला: विस्कॉन्सिनमधील ऑशकॉश गावी फर्निचरचे एक जुने दुकान होते, त्याचे छंदसाहित्याच्या दुकानात रूपांतर चालले असता 2002 मध्ये ते टिपलेले. मालक सापडला, गाव सापडले, साल सापडले. भय होते तेथेच राहिले, कारण ते त्या जागेचे कधी नव्हतेच. अभिनवगुप्ताचा स्थळकाळाविषयीचा मुद्दा एका फर्निचरच्या दुकानाने सिद्ध करावा, हे पाहून तो काश्मिरी आचार्य रागावला नसता.

मात्र ‘एस्केप द बॅकरूम्स’ या 2022 च्या खेळात चार जण एकत्र उतरतात आणि बोलतही असतात. पुतळ्याच्या खोलीतून जे दोन सोबती काढले होते ते येथे व्याजासह परत आले. अशा खेळाच्या चित्रफिती मी पाहिल्या. त्यांत एकाला राक्षस पकडतो आणि उरलेले तिघे पोट धरून हसतात. रस आभासरूप झाला की त्यातून हास्य उपजते, याची तजवीज शास्त्रात आहे. मित्रांनी पुढच्या व्याख्यानात हवे तर हास्यरसाच्या परमावधीची व्याख्या करावी. भयानकावरचा त्यांचा दावा मात्र नामंजूर.