न आठवणाऱ्या बाई



जूनमध्ये शाळा उघडल्या की पुण्यातल्या प्रत्येक बालवाडीच्या दाराशी रडारड सुरू होते. बाई एकाला कडेवर घेतात, दुसऱ्याचे नाक पुसतात, तिसऱ्याची ओली चड्डी बदलतात (पिशवीत दुसरी असतेच असे नाही). मधल्या सुट्टीत तोच रडका मुलगा आपल्या डब्यातली पोळी बाईंच्या तोंडात कोंबतो. तो घास गोडच. पण हे सारे तो विसरून जाणार. आपल्यापैकी कितीजणांना बालवाडीतल्या बाईंचा चेहरा आठवतो?

ज्याची आठवणही उरत नाही, ते प्रेम कशाच्या बळावर टिकते? अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, उपकार घेणाऱ्यापेक्षा करणाराच अधिक प्रेम करतो. कारागिराचा जीव आपल्या कामात गुंततो तसा. आम्हांला हे अर्धेच पटते. मडके कुंभाराला चावत नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडी सुरू केली. गरीब वस्तीतली मुले येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडला, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात भरली. तिथे आभाराचा हिशेब नव्हता. मूल कुठे आहे, एवढेच पाहायचे होते.

मुलाला आठवणार नाही, हे खरे. पण दाराशी आपण मोठी माणसे उभी असतो, सगळे पाहत असतो. आणि बाईंना विचारतो काय? "अजून एबीसीडी येत नाही का हो याला?"