घेतलं, पण परत काय दिलं?

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक १२ ते १६.

भगवंत इथे फार कडक बोलतात. देवांनी दिलेलं भोगायचं आणि त्यांना काहीच परत द्यायचं नाही, असा माणूस म्हणजे चोर! हे मी कितीदा तरी वाचलंय, पण अंगाला कधी लागलं नव्हतं. मागच्या महिन्यात लागलं.

शिरोळ तालुक्यात आमचं गाव. थोरल्या चुलत्यांसोबत, म्हणजे तात्यांसोबत, बांधावर उभा होतो. शेतात ऊस नव्हताच. जमिनीवर पांढरा थर, जणू कुणी मीठ पसरलंय. तात्या म्हणाले, "पाणी पाजून पाजून आम्हीच मारली बघ हिला." काळ्या जमिनीला पाटानं बेसुमार पाणी आणि निचरा नाही. मग खालचं पाणी वर चढतं, उन्हानं उडून जातं, क्षार मागे राहतात. जमीन क्षारपड होते.

मनातल्या मनात तात्यांना दोष देणार, तेवढ्यात आठवलं : माझ्या इंजिनिअरिंगची फी याच शेताच्या ऊसबिलातून गेली होती. मग चोर कोण?

आणि हे एका गावाचं नाही. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना सांगते की जगातली सुमारे ३३ टक्के माती खालावली आहे, आणि आपलं जवळपास ९५ टक्के अन्न मातीवरच अवलंबून आहे. सेंटीमीटरभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागू शकतात. आपण मात्र ॲपवरून दहा मिनिटांत भाजी मागवतो!

चौदावा श्लोक साखळी दाखवतो : प्राणी अन्नातून, अन्न पावसातून, पाऊस यज्ञातून आणि यज्ञ कर्मातून. म्हणजे यज्ञ फक्त होमकुंडात होत नाही. तात्या आता पाचट जाळत नाहीत, कुजवतात. धैंचा पेरून गाडतात. निचऱ्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकायचेत. त्यासाठी मी बोनसमधले पैसे पाठवले. तात्या "नको" म्हणाले. मी म्हटलं, "तात्या, हे दान नाही, फेड आहे." फोनवर थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "पेरणीला ये मग."

आजचा संकल्प : गावाकडे शेती असेल तर आज फोन करून जमिनीची तब्येत विचारा. नसेल तर ताटातलं टाकू नका, ओल्या कचऱ्याचं खत करून कुंडीत घाला. छोटंसंच आहे. पण सोळावा श्लोक म्हणतो, हे चक्र जो पुढे चालवत नाही, त्याचं जगणं वाया. आपलं जाऊ नये, एवढंच मागणं.

राम कृष्ण हरी!