निदान

'निदान' हा शब्द आपण रोज दोन अर्थांनी वापरतो आणि त्या दोहोंची कधी गाठ घालून देत नाही. वैद्याने रोग ओळखला की आपण म्हणतो, निदान झाले. आणि ताटावरून उठू पाहणाऱ्या वडिलांना म्हणतो, निदान दोन घास तरी खा. रोगाचे नाव सांगणारा शब्द आणि 'एवढे तरी' अशी काकुळती करणारा शब्द एकच कसा, या विचाराने माझी बरीच वर्षे सोबत केली आहे. त्याचे मर्म मला कळू लागले ते एका स्नेह्याच्या आईंना स्मृतिभ्रंश झाला तेव्हा.

तपासणीच्या दिवशी मी बरोबर होतो. आईंना घड्याळ काढायला सांगितले. त्यांनी रांगोळीने मुरलेल्या हाताने सुबक गोल काढला आणि बाराही आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीने लिहिले. डॉक्टरांनी अल्झायमर हा शब्द उच्चारला, गोळ्या लिहून दिल्या, तीन महिन्यांनी यायला सांगितले. आणि हे सारे बोलणे झाले मुलाशी, आई शेजारच्याच खुर्चीत पदर सावरत बसलेल्या असताना. जिना उतरताना त्यांनी विचारले, "मला काय झालंय रे?" मुलाच्या हातात कागद होता, तोंडात उत्तर नव्हते.

निदानाचा पहिला पदर कारणाचा. चरकसंहितेत निदानस्थान आहे, आणि तिथे निदान म्हणजे रोगाचा हेतू. 'वय झालं, विसरायचंच' असे म्हणून आपण जिथे थांबतो तिथेच हा शोध सुरू व्हावा, कारण बी-१२ची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य यांनीही स्मृती ढासळते आणि उपचाराने ती सावरू शकते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला स्मृतिभ्रंश क्रोधातून आणि संमोहातून येतो. अल्झायमरमधला येतो मेंदूत साचणाऱ्या प्रथिनांतून आणि मरत जाणाऱ्या पेशींतून, ज्याची खूण अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली एका स्त्रीच्या मेंदूत दाखवली. यात आजारी माणसाचा हट्ट नाही, सुनेची कसूर नाही, कुणाचे पाप नाही. दहाव्यांदा "जेवलास का" म्हणणारी आई तिच्यापुरते पहिल्यांदाच विचारत असते, एवढे घराला उमगले तरी निदानाचे अर्धे काम झाले.

दुसरा पदर अखेरीचा. जुन्या मराठीत निदान म्हणजे शेवट, आणि घरोघरी हा शब्द ऐकला जातो तो याच अर्थाने, आता संपले म्हणून. वास्तविक हा आजार बहुधा वर्षानुवर्षे हळूहळू वाढत जातो, आणि त्याच्या आरंभी माणसाची आवड, इच्छा, विवेक पुष्कळ शाबूत असतो. म्हणूनच निदान ज्याचे त्याला सांगावे, किती ऐकायचे आहे हे त्यालाच विचारून, बेताबेताने सांगावे. पैशांचे व्यवहार कोणी पाहावेत, सांभाळ कोणी करावा, कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे बोलून घेण्याचा काळ हाच. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा उपचारांविषयीची इच्छा आधी लिहून ठेवण्याचा आणि प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार देतो. ज्याच्यापासून निदान लपवले, त्याचा हा अधिकारही आपण नकळत काढून घेतला.

तिसरा पदर सर्वांत जुना. वैदिक भाषेत निदान म्हणजे दोरी. आपले गोठ्यातले 'दावे'ही बांधण्याच्या त्याच धातूतून आले. परंतु बांधणे म्हणजे जखडणे नव्हे, नाते सुटू न देणे. दामोदराची कथा आपण जाणतोच: यशोदा दोरीला दोरी जोडत राहिली आणि दर वेळी दोन बोटे कमीच पडत गेली. एकट्या सुनेची, एकट्या लेकीची दोरी अशीच कमी पडते, तिची माया उणी म्हणून नव्हे, तर हे काम एका दोरीचे नाहीच म्हणून. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार आपल्या देशात साठी ओलांडलेले सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशासह जगत आहेत. तेवढ्या घरांत कुणीतरी अशा दोऱ्या जोडत बसले आहे.

आणि म्हणून शेवटी तोच साधा, काकुळतीचा निदान. ज्याने रोगाचे नाव सांगितले त्याने निदान अर्धा तास बसून पुढची वाट सांगावी; निदान सरकारच्या ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या मदत क्रमांकाची चिठ्ठी हाती द्यावी; निदान सांभाळणारीला, "तुम्ही झोपता का?" असे विचारावे. आणि तुम्ही-आम्ही, ज्यांच्या आळीत असे एक घर असतेच, त्यांनी निदान आठवड्यातली एक दुपार त्या आईंपाशी बसावे, त्यांनी आपले नाव दहादा विचारले तर दहादा सांगावे, आणि तेवढा वेळ त्यांच्या लेकीला पाठ टेकू द्यावी.