नागसेन आणि ऑफसेट

मिलिंद राजा रथात बसून आला होता, हे भिक्खू नागसेनाच्या पथ्यावर पडले. ‘नागसेन’ हे केवळ नाव आहे, त्यामागे कोणी व्यक्ती सापडत नाही, असे भन्ते म्हणाले आणि राजाने त्यांना कोंडीत धरले. मग भन्तेंनी विचारले, महाराज, आपण पायी आलात की वाहनाने? रथाने. बरे, मग दांडा म्हणजे रथ का? आस? चाके? सांगाडा? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला. सगळे भाग एकत्र? तेही नाही. त्यांच्याबाहेर काही? नाही. मग रथ कुठे आहे?

आमच्या घरी हा संवाद जेवताना निघायचा. बाबा औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकले. बाबासाहेबांनी 1950 साली सुरू केलेल्या त्या महाविद्यालयाला राजाचे नाव आहे, आणि परिसराला भन्तेंचे: नागसेनवन. गोष्ट संपली की बाबा दोन्ही तळहात उघडून दाखवायचे. रथ नाही! आम्हा भावंडांना ती जादू वाटे. आज मी श्टुटगार्टजवळ गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम करते आणि मला वाटते, बाबा उत्तराच्या अर्ध्यावर थांबत असत. पुढे राजाच म्हणतो की दांडा, आस, चाके यांच्यावर अवलंबून ‘रथ’ हा व्यवहार चालतो. सगळी मेख त्या अवलंबून असण्यात आहे, आणि ती मिलिमीटरमध्ये मोजता येते.

माझी गाडी टोयोटा जीटी86. तिची मूळ चाके 17 इंची, 7 इंच रुंद, ऑफसेट 48. ऑफसेट म्हणजे चाकाच्या रुंदीचा बरोबर मध्य आणि चाक हबला जिथे टेकते तो पृष्ठभाग, यांच्यातले अंतर. तो पृष्ठभाग मध्यापेक्षा बाहेरच्या बाजूला असेल तर आकडा धन. आकडा जितका मोठा, तितके चाक गाडीच्या पोटात. कमी केला की चाक बाहेर सरकते.

हा आकडा चाकावर कोरलेला असतो, पण चाकाकडे बघून तो चांगला की वाईट हे कोणालाही सांगता येत नाही. नुसत्या गाडीकडे बघूनही नाही. जीटी86ला बोल्टच्या वर्तुळाचा व्यास 100 मिलिमीटर लागतो, हबचे भोक 56.1चे. बाजारातली बरीच चाके अनेक गाड्यांना चालावीत म्हणून मोठ्या भोकाची बनवतात आणि मधली पोकळी भरायला एक कडी देतात. दिसायला क्षुल्लक, प्लास्टिकचीही असते. ती विसरली तर चाक बरोबर मध्यावर बसेलच असे नाही, आणि हमरस्त्यावर स्टिअरिंग थरथरू लागते. थरथर चाकात नव्हती, हबमध्येही नव्हती. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन वाचताना जे डोक्यावरून जाते, ते इथे हाताला कळते. कोणत्याही वस्तूला स्वतःपुरता स्वभाव नाही, हे गॅरेजमध्ये पटवायला फार वेळ लागत नाही.

मात्र इथूनच लोक घसरतात. मूळ असे काही नसेलच तर काहीही लावा! 18 इंची, साडेनऊ इंच रुंद, ऑफसेट 38 हे या गाडीसाठी हौशी लोकांचे लाडके माप. हिशेब करा: रुंदी अडीच इंचांनी वाढली, म्हणजे प्रत्येक बाजूला 31.75 मिलिमीटर, ऑफसेट 10ने घटला. बाहेरची कड 41.75 मिलिमीटर बाहेर येते, आतली 21.75 आत शिरते, पुढच्या स्ट्रटच्या अंगावर. शिवाय टायर जमिनीला जिथे टेकतो त्याचा मध्य 10 मिलिमीटर बाहेर गेला, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षापासूनचे त्याचे अंतर बदलले. रस्त्याचा प्रत्येक खड्डा आता बदललेल्या लांबीच्या दांड्याने तुमच्या हाताला हिसका देणार. नागार्जुनाने मूलमध्यमककारिकेच्या 24व्या प्रकरणात बजावले आहे की शून्यता, म्हणजे हा स्वभावाचा अभाव, चुकीची धरली तर चुकीच्या जागी धरलेल्या सापासारखी उलटते. त्याच प्रकरणात तो शून्यता आणि परस्परावलंबन एकच असल्याचेही सांगतो. वस्तूला स्वतःचा स्वभाव नाही म्हणूनच तिच्या प्रत्येक संबंधाला किंमत आहे. स्वभाव असता तर चाक कसेही बसवले तरी ते आपले चांगलेच राहिले असते.

जर्मन कायदा या बाबतीत मला फार बौद्ध वाटतो (इथल्या सहकाऱ्यांना हे सांगितले की ते नम्रपणे हसतात). बदललेल्या चाकासोबत जो तपासणीचा कागद येतो, तो चाक चांगले आहे एवढेच सांगून थांबत नाही. हे चाक, या गाडीवर, या मापाच्या टायरसह, या अटींवर. चाकाच्या मध्यापासून पुढे 30 अंश आणि मागे 50 अंश या टापूत टायर मडगार्डखाली झाकलेला हवा. बदल धोकादायक ठरला तर गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवानाच संपतो. इंजिन, सांगाडा, सीट सगळे जागच्या जागी, तरी कायद्याच्या व्यवहारात ती गाडी उरत नाही. नागसेनाने भाग मोजून जे दाखवले, ते इथे एक तपासनीस टॉर्च घेऊन चाकाच्या कमानीत डोकावून दाखवतो.

आता खरा अवघड प्रश्न. निर्मात्याने ठरवलेले माप पवित्र मानायचे का? ही गाडी 2012 साली आली तेव्हा मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांनी मुद्दाम 215 रुंदीचे टायर ठेवले, तेही मिशेलिन प्रायमसी, प्रियससारख्या काटकसरी गाडीवर मिळणारे. स्पोर्ट्स कारला असले टायर म्हणून तेव्हा टवाळी झाली. पण पकड कमी ठेवणे हाच विचार होता: साध्या वेगातही मागचे टोक हलके सरकावे, चालवणाऱ्याला गाडी कळावी. रुंद रबर लावणारा माणूस गाडी सुधारतो आहे असे समजतो आणि तिचे मुख्य बोलणेच बंद करतो. तरीही तादांच्या आकड्यांना मी शास्त्रवचन मानणार नाही. तेही कारणांतून आले: खर्च, वजन, वळणाची त्रिज्या, हिवाळ्यात लागणाऱ्या साखळ्यांना जागा. कारणे समजली की वचनाला हात लावता येतो. न समजता ते पाळणारा आणि न समजता मोडणारा, दोघांत मला फारसा फरक दिसत नाही.

मी निवडले ते 17 इंच, 8 रुंद, ऑफसेट 45. बाहेर 15.7 मिलिमीटर, आत 9.7. टायर तेच 215/45, कारण 8 इंची रिमवर ते नियमात बसतात आणि तादांचा मुद्दा शाबूत राहतो. याला मध्यम मार्ग म्हणायचा मोह होतो, पण मध्यम मार्ग म्हणजे दोन आकड्यांची सरासरी नव्हे. दुसऱ्या गाडीवर हेच माप टोकाचे ठरले असते.

फोनवर बाबांना सगळे सांगितले. ते शांतपणे ऐकून म्हणाले, “जय भीम करून पाऊण तास झाला, पण चाकं बदलायची कशाला ते तू सांगितलंच नाहीस.”

“बाबा, चांगली दिसतात. मडगार्डच्या कडेला बरोबर भिडतात.”

“म्हणजे तृष्णा. मोजून मापून केलेली.”

“मोजलेली तृष्णा न मोजलेलीपेक्षा बरी की नाही?”

“अगं, भन्तेंना रथाशी काय देणंघेणं? रथ तर उदाहरण होतं. विचारायचं होतं रथात बसलेल्याबद्दल. तू चाकाचा ऑफसेट काढलास, आता हे ज्याला हवंय त्याचा काढ.”

बाबांचा मुद्दा बरोबर आहे, पण पुरता नाही. ज्याला हवे आहे तोही चाकासारखाच कशाकशावर टेकलेला असतो: लहानपणी औरंगाबादच्या गुलमंडीत पाहिलेल्या चकचकीत मोटारी, पगार, शेजारच्या पार्किंगमधली गाडी, बाबांचे ते उघडे तळहात. त्या इच्छेलाही कारणे आहेत, आणि कारणे आहेत म्हणजे ती तपासता येते, थोडी आतबाहेर सरकवता येते. मुळासकट उपटली तरच सुटका, हे मला मान्य नाही. बाबांना आहे. पुढच्या रविवारी ते पुन्हा हाच विषय काढणार, आणि मी तोवर चाके बसवलेली असतील.