दाभण

मागच्या उन्हाळ्यात आमची जुनी पेट्रोल जीप पुन्हा अडून बसली. सेल्फ मारला की खोकायची, दोन मिनिटं चालायची आणि बंद. मुलचेऱ्यात आता कार्ब्युरेटर उघडणारा माणूस शोधावा लागतो. गॅरेजवरची पोरं हुशार आहेत, पण त्यांचे हात इंजेक्शनवाल्या गाड्यांवर बसलेले. मोटारींतून कार्ब्युरेटर कधीच गेला, आणि १ एप्रिल २०२० ला बीएस-६ चा नियम आल्यावर बहुतेक नव्या दुचाक्यांतूनही गेला. म्हणून मीच ओसरीत गोणपाट अंथरलं, परात घेतली आणि पेचकस घेऊन बसलो. नातू समोर मांडी घालून बसला.

उघडताना एकच शिस्त पाळायची. जो भाग ज्या क्रमानं निघाला, त्या क्रमानं परातीत मांडायचा. झाकणाचे स्क्रू, गॅस्केट, फ्लोट, त्याची पिन, नीडल, मग जेट. नातवाला मी दाखवत होतो. पाण्याच्या टाकीत चेंडू असतो ना, पाणी वर आलं की नळ बंद करणारा, तसाच हा फ्लोट. खालच्या वाटीत पेट्रोल ठरावीक पातळीच्या वर जाऊ देत नाही. इंजीन हवा ओढतं. ती हवा मधल्या अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते, जशी नदी घळीत शिरली की घेते. वेग वाढला की तिथला दाब कमी होतो, आणि वाटीतलं पेट्रोल जेटच्या भोकातून वर ओढलं जाऊन फवाऱ्यासारखं हवेत मिसळतं. जर्मनीत मायबाखनं १८९३ च्या सुमाराला असा फवाऱ्याचा कार्ब्युरेटर केला, आणि पुढं शंभरेक वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या ह्याच युक्तीवर चालल्या.

सगळा हिशेब त्या जेटच्या भोकाचा. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पंधरा किलो हवा लागते. भोक बारीक झालं तर इंजीन उपाशी राहतं, मोठं झालं तर अधाशासारखं पितं आणि काळा धूर ओकतं. आमच्या मेन जेटवर १२५ कोरलेलं आहे. म्हणजे भोक सव्वा मिलिमीटरचं.

ते भोक चिकट तपकिरी राळेनं बुजलं होतं. आतला रबरी डायफ्रामही वाया गेला होता. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते सोसत नाही. मी जेट पेट्रोलच्या वाटीत भिजत टाकला आणि हात पुसायला उठलो. वळून बघतो तर नातवाच्या हातात दाभण. धानाची पोती शिवायचं. जेट त्यानं चिमटीत धरला होता.

"आजोबा, ह्यानं काढू का?"

मी त्याचं मनगट इतक्या जोरात धरलं की पोरगं घाबरलं. "काहून?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "भोक मोठं होते." हे उत्तर खरंच होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं मी त्याला त्याच दिवशी संध्याकाळी सांगितलं, आणि आता इथं लिहितो आहे.

साल १९८६. गडचिरोली जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, तरी आमच्या तोंडी जिल्हा म्हणजे अजून चांदाच होता. पावसाळा लागला, नाले भरले, की रस्ता संपला. बाबांची धानगिरणी होती आणि वनखात्याच्या लिलावात घेतलेली ही महिंद्रा जीप. आमच्या वस्तीत चारचाकी तीच, त्यामुळं बाळंतीण असो, साप चावलेला असो, गाडी गावाचीच. चालवायचे एक मामा. नात्यानं कोणी नव्हते, जवळच्या टोल्यावरचे गोंड. पण मला त्यांनी खांद्यावर बसवून बाजार दाखवला होता, म्हणून मामा.

मी तेव्हा आयटीआयचं एक वर्ष करून सुटीत घरी आलेलो. एका वर्षाची विद्या फार वाईट. काहीच येत नाही हे माणसाला कळायला निदान तीन वर्षं लागतात. गाडी धक्के देते म्हणून मी एका दुपारी ह्याच ओसरीत कार्ब्युरेटर उघडला. जेट बुजलेला दिसला. दाभण घातलं, गोल फिरवलं, आरपार उजेड दिसेपर्यंत. जेट पितळेचा, दाभण पोलादाचं, आणि टोकाकडून मागं जाडसर होत जाणारं. बसवल्यावर गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. बाबांनी गिरणीवर आलेल्या प्रत्येकाला सांगितलं, "पोरानं बनवली."

त्यानंतर पेट्रोल जास्त लागायला लागलं. बाबा पेट्रोल मापानं मोजून द्यायचे. त्यांच्या वहीत ते दिसलं. वहीत गाडीचा दोष दिसत नाही, फक्त पेट्रोल गेल्याचं दिसतं. आणि पेट्रोल जाण्याचं गावाला ठाऊक असलेलं कारण एकच: ड्रायव्हर.

श्रावणात एका रात्री शेजारची सून अडली. बाबांनी आष्टीपर्यंत पुरेल एवढं आणि वर एक लिटर पेट्रोल मोजून दिलं. परतीचं तिकडून घ्यायचं ठरलं. चिखलात पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये ढकलत गाडी निघाली आणि आष्टीच्या अलीकडं, भर जंगलात, टाकी कोरडी पडली. मामा पावसात चालत पुढच्या गावात गेले, बैलगाडी घेऊन आले. तोवर सासूनं आणि सोबतच्या बाईनं जीपच्या ताडपत्रीखाली सुटका केली होती. बाळ-बाळंतीण दोघंही जगली. नशीब म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी गिरणीसमोरच्या चिंचेखाली आठ-दहा माणसं जमली होती. बाबांनी विचारलं, "मोजून देलं होतं मी. कुठं गेलं गा?"

"गाडीनं खाल्लं जी, मालक."

"आधी नव्हती खात ते?"

कोणीतरी हसलं. बाबांनी चोर हा शब्द उच्चारला नाही. त्याची गरजच राहिली नव्हती. मामांनी किल्ली चिंचेच्या पारावर ठेवली आणि निघून गेले.

इथपर्यंत माझ्याकडून झाली ती चूक होती. मला ठाऊक नव्हतं. पण त्यानंतर पंधरा दिवसांनी प्लग सारखे काळे होतात म्हणून सुंदरनगरच्या बाजूचे एक मिस्त्री आले. पूर्व पाकिस्तानातून येऊन आमच्या भागात वसलेल्या बंगाली कुटुंबांतले. सगळे त्यांना दादा म्हणायचे. त्यांनी जेट काढून उजेडासमोर धरला, खिशातून नवा जेट काढून शेजारी धरला, आणि म्हणाले, "ये कंपनी का छेद नहीं है. किसी ने सुई घुसाया." आणि माझ्याकडं बघितलं. बॅटरी मीच धरून होतो.

मी म्हणालो, "लिलावाची गाडी आहे दादा. आधीच्या कोणी केलं असेल."

दादांनी मान हलवली, नवा जेट बसवला, हात धुतले. भोक सव्वा मिलिमीटरचं एक पूर्णांक चार झालं तरी त्याचं क्षेत्रफळ पावपटीनं वाढतं. माझं किती झालं होतं कोण जाणे. पण मामांवर आळ आणणाऱ्या पेट्रोलचा हिशेब तिथं त्या उजेडात लागला होता, आणि तो लागल्याचं फक्त मला कळलं होतं.

आपल्याकडं हेतूला फार मान आहे. मनात वाईट नव्हतं ना, मग झालं. मीही बरेच दिवस ह्या वाक्यावर झोपलो. दाभण घालताना माझा हेतू चांगला होता, ह्यात खोटं काही नाही. पण हेतू माझा होता, आणि त्याचा परिणाम मामांच्या घरात राहायला गेला होता. चांगल्या हेतूची पुण्याई ज्याच्याकडं जाते तो एक आणि चुकीची किंमत भरणारा दुसरा, असं असेल तेव्हा हेतूचं बोलणं म्हणजे आपल्याच घरात वाटलेला प्रसाद. आणि बॅटरीच्या उजेडात मी जे बोललो, त्याला तर चांगल्या हेतूचा आधारही नव्हता.

गांधीजींनी 'सत्याच्या प्रयोगां'त सांगितलं आहे: पंधरा वर्षांचे असताना त्यांनी भावाच्या कड्यातलं सोनं चोरलं, मग चिठ्ठी लिहून आजारी वडिलांच्या हातात दिली. वडील रडले, चिठ्ठी फाडली, पोराचं मन हलकं झालं. शाळेत असताना मला वाटायचं, कबुली अशीच असते. सांगितलं की सुटलो. पण तिथं दुसऱ्या कोणावर त्या चोरीचा आळ नव्हता. माझ्या बाबतीत होता. म्हणून माझा प्रश्न 'सांगावं का' एवढ्यावर संपत नव्हता. कोणाला, आणि कुठं, हाही होता.

दिवाळीनंतर मी मामांना शोधत आलापल्लीला गेलो. ते तिथं लाकडाच्या ट्रकवर लागले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी बिडी पेटवली आणि म्हणाले, "मी चोरलं नाही हे मले आधीच मालूम होतं, बाबू. मले काहून सांगतेस? चिंचेखाली सांग."

त्यांनी रागानं म्हटलं नाही. रस्ता विचारणाऱ्याला रस्ता सांगावा तसं म्हटलं. मी मात्र हिंमत करून फक्त बाबांना सांगितलं. बाबा बराच वेळ वही चाळत राहिले. मग म्हणाले, "गेलं ते गेलं. आता काहून उकरतं?" मला ते ऐकून बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते.

चिंचेखाली सांगायला मला दोन वर्षं लागली. बाजाराच्या दिवशी, गिरणीवर गर्दी असताना, मी बोललो. पेट्रोल मामांनी चोरलं नव्हतं, जेट मी बिघडवला होता, आणि नंतर खोटंही बोललो होतो. लोकांनी ऐकून घेतलं. त्या दिवशी पारावर बसलेले एक म्हातारे माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मोठ्या मनाचा आहेस गा. त्याचं पाप आपल्या अंगावर घेऊन रायला."

मी कितीदा समजावलं. काहींना पटलं, काहींना नाही. दोन वर्षांत ती गोष्ट मुरली होती. त्यातून मामांचं नाव काढायला गेलो तर माझंच नाव मोठं झालं. वेळेवर सांगितलं असतं तर मी एक मूर्ख पोरगा ठरलो असतो आणि ते निर्दोष. उशिरा सांगितलं म्हणून मी मोठ्या मनाचा ठरलो आणि ते जिथल्या तिथं. सत्याला उशीर झाला की ते सत्य राहतं, पण त्याचा उपयोग त्याच माणसाला होईल असं राहत नाही.

मामा आमच्या गाडीवर परत आले नाहीत. ती किल्ली बाबांनी त्यांच्याकडं कधी पाठवलीही नाही. ती पाठवावी असा हट्ट मीही धरला नाही.

मेकॅनिकच्या धंद्यात जेट टोचायचा नाही, हा पहिला धडा असतो. पितळ एकदा गेलं की परत भरता येत नाही. पण जेट बदलता येतो. तेव्हा काही रुपयांत मिळायचा. माणसाच्या नावाचं सुटं भाग म्हणून काही मिळत नाही. तिथं ज्यानं भोक मोठं केलं त्यानं निदान ते मोठं झाल्याचं त्याच दिवशी, त्याच लोकांसमोर सांगावं, एवढंच हातात असतं. मी ते केलं नाही.

संध्याकाळी नातवानं सगळं ऐकलं. मग विचारलं, "मामांना पुन्हा भेटले होते का तुम्ही?"

"भेटलो. चिंचेखाली सांगितलं म्हणून सांगितलं. ते म्हणाले, बरं केलंस. चहा पाजला."

तो उठला, दाभण पोत्यांच्या खोलीत ठेवून आला. आम्ही जेट रात्रभर पेट्रोलमध्ये भिजू दिला. सकाळी झाडूची एक काडी अलगद आतून फिरवली, सायकलच्या पंपानं हवा मारली. नवा डायफ्राम बसवला. मग नातवानं जेट उन्हासमोर धरला आणि एक डोळा मिटून बराच वेळ भोक गोल आहे का ते बघत राहिला. मी घाई केली नाही.