अठ्ठावीस घास

माझ्या माहेरी मे महिन्यात आंबे आले की वाटणी ठरलेली असे. पहिल्या फोडी वडिलांना, मग आम्हा भावंडांना, आणि कोय आईला. ती कोय आई उभ्या उभ्या, मोरीपाशी जाऊन चोखायची. कुणी म्हटलंच, "आई, तूही एक फोड घे की," तर म्हणायची, "मला कोयच आवडते गं." आम्ही ते खरं मानलं. आमच्या सोयीचंच होतं ना ते!

लग्न होऊन बेळगावला आले आणि कधी कोण जाणे, मलाही कोय आवडू लागली. पेरूचा डागाळलेला भाग माझा, फणीतलं काळं पडलेलं शेवटचं केळं माझं, मुलांनी अर्धवट टाकलेली चिकूची फोड माझी. सासूबाईंनी कधी तसं सांगितलं नव्हतं, यजमानांनीही नाही. माझं मीच ठरवलं होतं. आणि खरं सांगते मैत्रिणींनो, त्यात एक छुपं समाधान होतं. आपण त्याग करतो आहोत, असं वाटायचं.

तीन वर्षांपूर्वी बस्तीच्या पायऱ्या चढताना दम लागू लागला. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "फळं खाता का?"

मी म्हटलं, "घरात रोज येतात की!"

"घरात येतात ते कळलं. तुम्ही खाता का?"

मला उत्तर देता आलं नाही.

त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. मोड आलेली कडधान्यं आणि पालेभाजी रोज खा म्हणाल्या. जेवणाबरोबर लिंबू नाहीतर पेरूची फोड घ्या, क जीवनसत्त्व असलं की अन्नातलं लोह अंगी लागतं, असंही सांगितलं. जेवल्याबरोबर चहा मात्र बंद, कारण तो नेमकं उलटं करतो. आणि रोज अर्धा तास चाला.

एवढं साधं सांगणं. पण ते पाळताना मनात काहीतरी अडायला लागलं. बस्तीत एक वयस्कर बाई भेटल्या. त्यांना हे सगळं सांगितलं, तर म्हणाल्या, "अगं, देहाचे एवढे लाड कशाला? शेवटी पुद्गलच ना हे!" त्या उपवासाला पक्क्या, मनाने निर्मळ. त्यांचं बोलणं झटकून टाकता येईना. शरीर वेगळं, आत्मा वेगळा, हे तर लहानपणापासून ऐकलेलं. मग स्वतःसाठी पेरू चिरून बसणं हा मोह नाही का?

बरेच दिवस हा प्रश्न घोळत राहिला. मग एका चातुर्मासात आमच्याकडे चौका लागला होता, तेव्हा माझं मलाच हसू आलं. मुनिराजांच्या आहारासाठी आम्ही बायका काय काय करत होतो! फळ निवडून आणलेलं, गाळलेल्या पाण्याने धुतलेलं, प्रत्येक फोड उजेडात धरून पाहिलेली. आणि सगळ्या वस्तूंचा त्याग केलेले ते महाराज उभे राहून, ओंजळीत, दिवसातून एकदा का होईना, आहार घेतच होते. मूलाचारात साधूने आहार का घ्यावा याची कारणं दिली आहेत. बळ वाढावं म्हणून नाही, चवीसाठी नाही, अंगावर तेज यावं म्हणून नाही. ज्ञान, संयम आणि ध्यान नीट व्हावं म्हणून. म्हणजे ज्यांनी देहाची आसक्ती सोडली, तेही देहाला त्याचं भाडं देतात. आम्ही संसारी बायका मात्र भाडं थकवतो आणि त्याला वैराग्य म्हणतो!

दुसरी गोष्ट ऊनोदराची. आपल्याकडे सहा बाह्य तपं सांगितली आहेत. त्यात उपवासानंतर लगेच येतं ते अवमौदर्य, म्हणजे ऊनोदर, पोटाला थोडं कमी खाणं. भगवती आराधनेत त्याचं मापच दिलंय. पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घास, स्त्रीचा २८. त्यातून एक एक घास कमी करत जायचं.

हे मी पूर्वीही ऐकलं होतं, पण तेव्हा लक्ष गेलं ते कमी करण्याकडे. आता लक्ष गेलं २८ कडे. शास्त्राने आधी स्त्रीच्या वाट्याचं पूर्ण ताट मोजलं, आणि मग त्यातून सोडायला सांगितलं. माझं तर ताटच कधी मोजलं गेलं नव्हतं. जी फोड माझी म्हणून ताटात पडलीच नाही, तिचा त्याग मी कसा करणार? त्यागाला आधी जाणीव लागते, मग नियम. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. होती ती नुसती सवय, आणि सवयीच्या पोटात बेफिकिरी. बेफिकिरीलाच आपण प्रमाद म्हणतो, आणि हिंसेचं मूळ प्रमादात आहे, हेही आपणच शिकलोय. मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपणारी मी, या एका पंचेंद्रिय जीवाकडे मात्र वर्षानुवर्षं पाहिलंच नव्हतं.

पण मैत्रिणींनो, याच्या उलट टोकही मी पाहते. एकीच्या घरी परदेशी किवी आणि ड्रॅगन फ्रूट फ्रिजमध्ये आठ आठ दिवस पडून, शेवटी कचऱ्यात. खाण्यापेक्षा सांगण्यातच गोडी. इथे मला बस्तीच्या भिंतीवरचं षट्लेश्येचं चित्र आठवतं. भुकेले सहा जण जांभळाच्या झाडापाशी येतात. एकाला झाड मुळासकट उपटायचंय, दुसऱ्याला खोड तोडायचंय, तिसऱ्याला मोठ्या फांद्या, चौथ्याला घोस. पाचवा म्हणतो, पिकलेली तेवढी तोडू. सहावा खाली पडलेलीच वेचतो. भूक सहाही जणांची सारखीच, आणि सहावाही उपाशी राहत नाही! फरक आहे तो घेण्याच्या रीतीत. जांभूळ खावं की नाही हा प्रश्न त्या चित्रात नाहीच.

तेव्हापासून मी फळं त्या चित्राकडे पाहून आणते. जूनच्या सुमारास खानापूर-जांबोटीकडची जांभळं येतात, त्याआधी करवंदं. थंडीत पेरू. पेरूत संत्र्यापेक्षाही जास्त क जीवनसत्त्व असतं, आणि तो महागही नाही. लागेल तेवढंच आणायचं, फोडून, पाहून, लगेच खायचं. चिरून ठेवलेल्या फळात जीव वाढतात म्हणून आपल्या आज्या ते ठेवू देत नसत. आहारशास्त्रही ताजंच खा म्हणतं. रस काढून चोथा फेकू नये, गुण चोथ्यातही असतो. मधुमेह असेल तिने फळ किती खायचं ते डॉक्टरांना विचारावं.

चालण्याचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. रोज अर्धा तास, पाच दिवस चाललं की झालं. मी पहाटे किल्ल्यात कमल बस्तीपर्यंत जाते. सन १२०४ ची ती दगडी बस्ती, आत नेमिनाथ भगवान. पूर्वी कुणी बरोबर असलं की गप्पा, नसलं की फोन. आता चार हात पुढची जमीन पाहत चालते. साधूंच्या ईर्यासमितीची सर त्याला नाही, पण मुंगळे वाचतात, गोगलगायी वाचतात आणि माझे घोटेही वाचतात. पावसाळ्यात वाट जीवांनी भरलेली असते, तेव्हा व्हरांड्यातच फेऱ्या घालते.

हिमोग्लोबिन आता ११ च्या वर आहे. तरी हे एकटीचं गाऱ्हाणं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. त्याची कारणं अनेक आहेत, गरिबी आहे, वरचेवरची बाळंतपणं आहेत. पण आपल्यासारख्या भरल्या घरांतही हे घडतं, तिथे कारण कुठे शोधायचं?

कधी वाटतं, मग आईचं कोय खाणं खोटं होतं का? तसं म्हणायला जीभ धजत नाही. तिची माया खरीच होती. प्रमाद कुणाचा असेल तर तो आमचा, ज्यांनी फोडी खाल्ल्या आणि एकदाही नीट विचारलं नाही.

परवा सून आंबा चिरत होती. फोडी बशीत भरून झाल्या आणि तिने कोय उचलली. मी तिच्या हातातून कोय घेतली आणि एक पाट पुढे सरकवला. "बस आधी. फोडी घे. नकोशा वाटल्या तर खुशाल सोड, पण घेऊन सोड."

कोय मग आम्ही दोघींनी वाटून खाल्ली. बसून.