जुन्या पत्त्याचे ऋण

शेवटचे भाडे चुकते केले, किल्ली मालकाच्या हाती दिली, की जुन्या जागेशी आपला संबंध संपला, असा व्यवहाराचा न्याय आहे. दुकानदाराला मात्र हा न्याय पुरत नाही; कारण दुकानाच्या पत्त्यावर गिऱ्हाइकाच्या सवयीचाही काही हक्क असतो.

समजा, तालुक्याच्या गावी तांब्यापितळेच्या भांड्यांचे एक दुकान आहे. त्याच्या वेबसाइटवर बंब, घंगाळ, समई अशा प्रत्येक वस्तूला स्वतंत्र पान आहे. पुढे मालकाने नव्या नावाने नवी वेबसाइट उभी केली. आता जुन्या पत्त्यावर येणाऱ्याचे काय? जुन्या प्रत्येक पानाच्या जागी ३०१ क्रमांकाचा निरोप ठेवता येतो : मुक्काम कायमचा हलला, अमुक ठिकाणी जावे. ब्राउझर तो वाचून माणसाला परस्पर नव्या पानावर पोचवतो. निरोप नसला, तर ४०४ हा आकडा, म्हणजे बंद दार!

हे काम किचकट, आणि मालकाच्या नजरेला न पडणारे. म्हणून कारागीर पळवाट काढतो. सगळ्यांना सरसकट पहिल्या पानावर आणून सोडतो. समईसाठी आलेला माणूस उंबऱ्याशी पोचतो, समईशी नाही. वरकरणी हे स्वागत; खरे पाहता टाळाटाळच.

शिवाय वेबसाइटचे नाव कायमचे विकत मिळत नाही. ते वर्षांच्या बोलीने घ्यावे लागते. भरणा थांबला, की काही काळाने ते कोणीही घेऊ शकतो, आणि आपल्या जुन्या पाटीखाली खोटा माल मांडू शकतो. फसतो तो आपल्यावर विश्वासलेला माणूस.

"पण हे ओझे किती वर्षे वाहायचे?" असे मालक विचारील, आणि त्याचा प्रश्न रास्त आहे. असे निरोप निदान वर्षभर ठेवावेत, असा गूगलचा सल्ला आहे. पण ती शहाणपणाची मुदत झाली, कर्तव्याची नव्हे. टिम बर्नर्स-ली यांनी वेबची कल्पना १९८९ साली मांडली. पत्ते बदलूच नयेत, असा आग्रह त्यांनी १९९८ साली धरला. लहान दुकानदाराला तेवढे झेपेलच असे नाही. पण जुन्या वाटेने अजून कोणी येते का, हे सर्व्हरच्या नोंदींत दिसते. ती वाट ओस पडेपर्यंत निरोप राहू द्यावा.

पत्ता देणे म्हणजे 'या, मी येथे भेटेन' असा शब्द देणे. जागा बदलण्याची मोकळीक प्रत्येकाला आहे. दिलेला शब्द वाऱ्यावर सोडण्याची नाही.